माहिती अधिकाराचा अर्ज पहिल्यांदा टाकताय? कागद मागा, उत्तर मागू नका (खास नाशिककरांसाठी)

आईच्या फॅमिली पेन्शनसाठी मी पहिला माहिती अधिकाराचा अर्ज टाकला तो अडीच पानी होता. रात्री जेवणं झाल्यावर बसून लिहिलेला, सगळा राग त्यात ओतलेला. ‘पेन्शन इतके महिने का अडकवली, याला जबाबदार कोण, आणि आता कधी मिळणार’ असले प्रश्न. २८व्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं, ‘आपण मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही.’ झालं. खातं कोणतं ते सांगत नाही, कारण नंतर दोन-चार ओळखीच्यांचे अर्ज मी लिहून दिले आणि वेगवेगळ्या ठिकाणांहून जवळपास हेच वाक्य आलेलं बघितलंय, म्हणजे दोष एका टेबलाचा नाही.

दुसरा अर्ज सहा ओळींचा होता. त्यावर २३ पानं मिळाली, ४६ रुपये भरून, आणि त्या २३ पानांत सगळं होतं. फरक फक्त एवढाच की पहिल्यांदा मी उत्तर मागितलं होतं, दुसऱ्यांदा कागद मागितला. बाकी कलमं-बिलमं नंतर कळली, तीही सांगते, पण एवढं आधी डोक्यात बसवा.

१. आधी बघा, अर्ज लागतोय का

खूप जण जी गोष्ट फुकट बघायला मिळते त्यासाठीपण अर्ज टाकतात आणि महिनाभर वाट बघत बसतात. सातबारा, फेरफार, आठ-अ ऑनलाइन निघतं. शासन निर्णय म्हणजे जीआर राज्य सरकारच्या वेबसाइटवर तारखेने, विभागाने शोधता येतात. शिवाय कायद्याच्या कलम ४ मध्ये १७ मुद्दे दिलेत जे प्रत्येक कार्यालयाने कुणी न मागताच जाहीर करायचेत, कोणाला काय अधिकार, कोणत्या कामाला किती बजेट, कर्मचाऱ्यांचे पगार, हे सगळं. सगळीकडे अपडेट असतं असं नाही, पण नजर टाका.

आणि एक गोष्ट जी नाशकात निम्म्या लोकांना माहीतच नाही. नोव्हेंबर २०१८ च्या जीआरप्रमाणे जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि महापालिका वगैरे स्थानिक संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ सामान्य माणसाला रेकॉर्ड बघायला खुलं ठेवायचंय. अर्ज न टाकता. ही पद्धत आधी पुणे महापालिकेत सुरू झाली मग राज्याने उचलली. तुम्ही गेलात की ‘असं काही नसतं’ म्हणणारे भेटतील, तेव्हा भांडू नका, मोबाईलमध्ये जीआर डाउनलोड करून ठेवा आणि दाखवा. फाईल आधी डोळ्याने बघितली की अर्जात नेमकं काय मागायचं ते कळतं, हा सगळ्यात मोठा फायदा.

२. कागद कोणाच्या कपाटात आहे ते शोधा

अर्ज ‘जन माहिती अधिकारी’ यांच्या नावाने जातो. हा वेगळा कोणी माणूस नसतो, त्याच ऑफिसमधल्या एखाद्या अधिकाऱ्याला ती जबाबदारी दिलेली असते, आणि मोठ्या ऑफिसात प्रत्येक विभागाला वेगळा असतो. प्रत्येक ऑफिसात दर्शनी भागात त्याचं नाव-हुद्दा लिहिलेला बोर्ड असायला हवा, जाताना त्याचा फोटो काढून घ्या, खाली प्रथम अपिलीय अधिकाऱ्याचंपण नाव असतं ते पुढे लागतं.

नाशकात घोळ होतो तो इथे. महापालिकेचं मुख्यालय शरणपूर रोडला राजीव गांधी भवन, पण तुमच्या गल्लीच्या कामाची फाईल बऱ्याचदा विभागीय कार्यालयात असते, पंचवटी, सातपूर, सिडको, नाशिकरोड, पूर्व, पश्चिम असे सहा विभाग आहेत. पोलिसांचं म्हणाल तर शहर आयुक्तालय वेगळं आणि ग्रामीण एसपी वेगळे, ओझर-पिंपळगावचं काही हवं असेल तर शहराला अर्ज करून उपयोग नाही. कलेक्टर ऑफिस सीबीएसजवळ, आणि विभागीय आयुक्त मात्र नाशिकरोडला.

त्याहून मोठा घोळ म्हणजे राज्य आणि केंद्र. नाशिकरोडच्या दोन्ही प्रेस, ओझरचं एचएएल, देवळाली कॅन्टोन्मेंट, पोस्ट, रेल्वे (नाशिकरोड स्टेशन भुसावळ डिव्हिजनमध्ये येतं), पीएफ ऑफिस, मुंबई-आग्रा हायवे आणि त्यावरचा उड्डाणपूल ज्यांच्याकडे आहे ते महामार्ग प्राधिकरण, हे सगळं केंद्राचं. तिथे फी भरायची पद्धत वेगळी, ठरावीक फॉर्म नाही, अपील वेगळीकडे. महावितरण, एसटी, एमआयडीसी राज्याचं.

हाऊसिंग सोसायटी किंवा पतसंस्थेला थेट अर्ज करू नका. सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सांगितलंय की नुसतं सहकार कायद्याखाली नोंदलेली संस्था म्हणून ती ‘सार्वजनिक प्राधिकरण’ होत नाही. पण सोसायटीचे जे कागद सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जमा आहेत ते उपनिबंधक कार्यालयातून मागता येतात. आणि स्वतःच्याच सोसायटीचे कागद हवे असतील तर सदस्य म्हणून सहकार कायद्यात तुमचा वेगळा हक्क आहेच.

चुकून दुसरीकडेच अर्ज गेला तर? घाबरायचं नाही. कलम ६(३) प्रमाणे त्यांनी तो ५ दिवसांत योग्य ऑफिसला पाठवायचा आणि तुम्हाला तसं कळवायचं. ‘आमच्याकडे नाही, तिकडे जा’ म्हणून काउंटरवरून परत पाठवणं कायद्यात बसत नाही.

३. अर्ज लिहिणं (इथे घाई करू नका)

राज्यासाठी ‘जोडपत्र अ’ नावाचा एका पानाचा नमुना आहे, झेरॉक्सवाल्यांकडे मिळतो, हाताने लिहिला तरी चालतो. नाव, पत्ता, माहितीचा विषय, कालावधी, वर्णन, माहिती पोस्टाने हवी की स्वतः येऊन नेणार, आणि दारिद्र्यरेषेखालचे आहात का, बास. कशासाठी हवी हे लिहायचं नाही, कलम ६(२) नुसार कारण विचारताच येत नाही. मी पहिल्या अर्जात अर्धं पान कारणातच घालवलं होतं.

महाराष्ट्रात २०१२ पासून दोन अटी आहेत, अर्ज एकाच विषयाचा हवा आणि मजकूर साधारण १५० शब्दांत. म्हणजे रस्ता, पाणी आणि गार्डन एकाच अर्जात कोंबलं की फक्त एका विषयाचं देतात आणि बाकीच्यासाठी वेगळा अर्ज करा म्हणतात. वेगवेगळे अर्ज टाका, दहा-दहा रुपयांचा तर प्रश्न आहे. केंद्राच्या अर्जाला ५०० शब्दांपर्यंत मुभा आहे.

आता मूळ मुद्दा. कायद्यात माहिती म्हणजे काय तर जे आधीपासून कुठल्यातरी स्वरूपात ऑफिसकडे आहे ते. कागद, टिपणी, ईमेल, नोंदवही, नकाशा, नमुना, अहवाल, करार. अधिकाऱ्याने तुमच्यासाठी नवीन विचार करून उत्तर तयार करायचं नाही. मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्येच म्हटलंय की ‘का’ या प्रश्नाचं उत्तर म्हणजे माहिती नव्हे, आणि सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये सीबीएसईच्या उत्तरपत्रिकांच्या निकालात पोरांना स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघायचा हक्क दिला पण त्याच निकालात हेही सांगितलं की जे रेकॉर्डवर नाही ते तयार करून द्यायला ऑफिस बांधील नाही. त्यामुळे प्रत्येक ‘का’ला एखाद्या कागदात बदलायचं.

‘रस्ता इतका खराब का केला’ असं नाही. ‘अमुक चौक ते अमुक चौक रस्त्याच्या कामाचा कार्यादेश, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची पानं, गुणवत्ता चाचणी अहवाल, आणि दोष दायित्व कालावधी ज्यात लिहिलाय त्या करारनाम्याच्या पानाची प्रत’ असं. कार्यादेश म्हणजे ठेकेदाराला दिलेली वर्क ऑर्डर, दोष दायित्व कालावधी म्हणजे काम बिघडलं तर त्यानेच दुरुस्त करून द्यायची मुदत. मोजमाप पुस्तिकेला तिथे सगळे एमबी म्हणतात. त्यात किती लांबी, किती रुंदी, किती जाडीचा थर टाकला ते तारखेसकट असतं, ते हातात आलं की टेप घेऊन तुम्ही स्वतः मोजू शकता. आता कुंभमेळ्याची कामं सगळीकडे चालू आहेत, कोणाला आपल्या भागातल्या कामाचं बघायचं असेल तर हेच शब्द वापरा.

माझा दुसरा अर्ज जवळपास असा होता, तुमच्या कामाप्रमाणे बदला (नस्ती म्हणजे फाईल, कार्यासन म्हणजे ऑफिसातलं टेबल):

विषय: श्रीमती अमुक यांचा कुटुंब निवृत्तिवेतन प्रस्ताव. कालावधी: प्रस्ताव दाखल झाल्यापासून या अर्जाच्या तारखेपर्यंत. वर्णन: १) सदर प्रस्तावाच्या नस्तीतील टिपणी बाजू व पत्रव्यवहार बाजूच्या सर्व पानांच्या साक्षांकित प्रती. २) प्रस्ताव ज्या कार्यासनांकडे गेला तेथील आवक-जावक नोंदवहीतील संबंधित नोंदींच्या प्रती. ३) असा प्रस्ताव निकाली काढण्याची मुदत ठरवणाऱ्या आदेशाची प्रत. ४) प्रती देण्यापूर्वी नस्तीची प्रत्यक्ष पाहणी करू द्यावी.

‘टिपणी बाजू’ हे दोन शब्द मला ऑफिसमधून रिटायर झालेल्या शेजारच्या काकांनी सांगितले आणि सगळं काम त्या दोन शब्दांनीच केलं असं म्हणायला हरकत नाही. सरकारी फाईलला दोन अंगं असतात, एका बाजूला आलेली-गेलेली पत्रं, दुसऱ्या बाजूला आतल्या लोकांनी एकमेकांना लिहिलेल्या टिपण्या. फक्त ‘पत्रव्यवहाराच्या प्रती द्या’ म्हटलं की टिपण्या वगळून देतात आणि खरी गोष्ट तिथेच असते.

आमच्या फाईलमध्ये टिपणीच्या सातव्या पानावर समासात पेन्सिलने लिहिलेलं होतं, ‘ना-देय? पाहणे’. झेरॉक्समध्ये पुसट, खिडकीपाशी धरून वाचावं लागलं. त्यानंतर पुढची टिपणी थेट आठ महिन्यांनी. म्हणजे सरकारी क्वार्टरचं काही देणं बाकी नाही असं ना-देय प्रमाणपत्र आहे का ते बघायचं होतं आणि कोणीच बघितलं नाही. आणि तेच प्रमाणपत्र, आमच्याच अर्जाबरोबर दिलेलं, आवकचा गोल शिक्का मारलेलं, त्याच फाईलच्या दुसऱ्या बाजूला पंधराव्या पानावर होतं! दोन्ही पानं स्टेपल केली, वर दोन ओळींचं पत्र लावलं आणि देऊन आले. पाच आठवड्यांनी आईच्या खात्यात पैसे जमा.

अजून एक, दुसरा अर्ज मी आईच्या नावाने, तिच्या सहीने केला. दुसऱ्याची वैयक्तिक माहिती म्हटलं की कलम ‘आठ-एक-जे’ दाखवून नाकारतात, आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने हे कलम आणखी कडक केलंय, आधी त्यात ‘मोठं जनहित असेल तर द्या’ अशी जी फट तिथल्या तिथे होती ती काढली. (कलम ८(२) मध्ये जनहिताचा मुद्दा अजून आहे, अपिलात तो मांडता येतो.) म्हणून ज्याची फाईल त्यानेच अर्ज करायचा. आणि अर्ज नेहमी व्यक्ती म्हणून करा, ‘अध्यक्ष, अमुक मित्रमंडळ’ म्हणून नको, हक्क नागरिकाला आहे, मंडळाला नाही.

४. फी आणि पिशवीत काय काय

राज्याच्या ऑफिसला अर्जाची फी १० रुपये, रोख किंवा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवून. स्टॅम्प सीबीएसला कोर्टाच्या आजूबाजूला व्हेंडरकडे मिळतात, एकदाच चार-पाच घेऊन ठेवा, कधीकधी दहाचा संपलेला असतो आणि चक्कर फुकट जाते. पोस्टल ऑर्डर राज्याला लावू नका, महाराष्ट्राच्या नियमात ती नाही. केंद्राला बरोब्बर उलटं, तिथे कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही, पोस्टल ऑर्डर चालते. हा सापळा इतका कॉमन आहे की काय सांगू.

सोबत न्यायचं:
अर्जाच्या दोन प्रती (एक पोचसाठी)
स्टॅम्प किंवा सुट्टे दहा रुपये, रोख दिले तर पावती घ्यायचीच
दारिद्र्यरेषेखालचे असाल तर त्या कार्डाची प्रत, मग फी लागत नाही
डिंक! खरंच, प्रत्येक काउंटरवर नसतो

आधार कार्ड जोडायची गरज जोडपत्र अ मध्ये कुठेच नाही.

५. अर्ज देणं

आवक विभागात द्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का आणि आवक नंबर घ्या. ‘साहेब नाहीत, उद्या या’ म्हणाले तर वाद घालण्यापेक्षा सरळ पोस्टात जाऊन स्पीड पोस्ट करा, पावती जपा, आणि ट्रॅकिंगमध्ये पोचल्याचं दिसलं की स्क्रीनशॉट काढा कारण ते काही दिवसांनी दिसत नाही. ऑनलाइनपण आहे, राज्याचं आरटीआय पोर्टल वेगळं आणि केंद्राचं वेगळं, तुमचं ऑफिस यादीत असेल तर घरबसल्या होतं. पण मला स्वतःला लहान ऑफिससाठी कागदी अर्जच बरा वाटतो, तिथे ऑनलाइन आलेला अर्ज कोणी उघडून बघतंय की नाही याचा भरवसा नाही.

६. पुढचे ३० दिवस

अर्ज पोचल्यापासून ३० दिवसांत माहिती किंवा नकार यायला हवा. कोणाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास, पण हे उगाच लिहू नका.

बहुतेकदा आधी पैसे भरायचं पत्र येतं, पानाला २ रुपये याप्रमाणे. त्या पत्राची तारीख ते तुम्ही पैसे भरल्याची तारीख हे दिवस ३० मध्ये मोजत नाहीत, म्हणून पत्र आलं की लगेच भरा, मी आठ दिवस लावले आणि नंतर मुदत मोजताना तोंडावर पडले. पानांची संख्या अवाच्या सवा सांगितली, ‘१,४०० पानं आहेत, २,८०० भरा’ टाइप, तर पैसे न भरता लिहून द्या की आधी पाहणी करायचीय. पाहणीचा पहिला तास फुकट असतो, बसून हवी ती पानं निवडायची, चिठ्ठ्या लावायच्या, तेवढ्यांच्याच प्रती घ्यायच्या. आणि ३० दिवस उलटून गेल्यावर माहिती दिली तर कलम ७(६) प्रमाणे ती फुकट द्यावी लागते, तेव्हा कोणी पैसे मागितले तर हे कलम नुसतं तोंडाने म्हटलं तरी फरक पडतो.

‘फाईल सापडत नाही’ हे उत्तर आलं तर सोडू नका. फाईल हरवली हे नकाराचं कारण कायद्यात कुठेच नाही. मुदत संपल्यामुळे नष्ट केली म्हणत असतील तर नष्ट केल्याच्या नोंदीची प्रत मागा, महाराष्ट्रात सार्वजनिक अभिलेख कायदा आहे, सरकारी कागद असाच रद्दीत घालता येत नाही. माझ्या ओळखीतल्या एकांची ‘न सापडणारी’ फाईल ही नोंद मागितल्यावर नऊ दिवसांत सापडली होती.

७. पहिलं अपील

उत्तर आलंच नाही, अर्धवट आलं, किंवा नकार पटला नाही तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील. ‘जोडपत्र ब’, २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प (केंद्राला अपिलाची फी नाही). हे त्याच ऑफिसमधल्या वरच्या अधिकाऱ्याकडे जातं. सोबत मूळ अर्ज, पोच, आलेलं उत्तर यांच्या झेरॉक्स. अपिलात नवीन माहिती मागायची नाही, ते चालत नाही, फक्त जे मागितलं त्यातलं काय मिळालं नाही ते मुद्दा नंबर देऊन लिहायचं. सुनावणीला बोलावतात, जा, वकील लागत नाही. निकाल ३० दिवसांत, फार तर कारण नोंदवून ४५.

खरं सांगायचं तर पहिलं अपील लोक उगाच टाळतात. निम्म्या वेळा सुनावणीच्या आदल्या दिवशी फोन येतो, ‘मॅडम तुमची माहिती तयार आहे, घेऊन जा.’ जायचं, पण अपील मागे घेतल्याच्या कागदावर सही करायच्या आधी तिथेच उभं राहून पानं मोजायची.

८. दुसरं अपील

तिथेही जमलं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे ‘जोडपत्र क’, परत २० रुपये. आपल्याला मुंबईला जावं लागत नाही, आयोगाचं खंडपीठ नाशकातच आहे आणि आपल्या विभागातले पाचही जिल्हे, म्हणजे अहिल्यानगर (नगर), जळगाव, धुळे, नंदुरबारसकट, त्याच्याकडे येतात. केंद्राच्या ऑफिसविरुद्ध असेल तर दिल्लीचा केंद्रीय माहिती आयोग. दंड लावायचा अधिकार आयोगालाच, दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,०००, तो अधिकाऱ्याच्या खिशातून जातो आणि सरकारजमा होतो, तुम्हाला मिळत नाही. तुमचं नुकसान झालं असेल तर भरपाई वेगळी मागावी लागते, ती अपिलातच लिहा.

तारीख लागायला मात्र खूप वेळ जातो, महिन्यांच्या हिशोबात धरू नका. तोपर्यंत हातावर हात ठेवून बसायची गरज नसते. कुठलंही सरकारी पत्र हातात आलं असेल तर त्याच्या तळाशी बघा, ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून दोन-चार ऑफिसांची नावं असतात, कोषागार, जिल्हा परिषद, विभागीय आयुक्त, कोणीतरी. एका कपाटातून जो कागद निघत नाही त्याची प्रत दुसऱ्या कपाटात पडलेली असते. पत्राचा जावक नंबर आणि तारीख घालायची, दहाचा स्टॅम्प चिकटवायचा आणि तिकडे नवा अर्ज टाकायचा.